टोलीचा न्यूट्रल

त्या उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवरचे चार दिवे मी इतक्या वेळा खाली उतरवले, की शिडी टेकवायच्या जागी खांबांवर घासल्याच्या खुणा पडल्या. शनिवारी चंद्रपूरहून बसने मूल गावापर्यंत, तिथून नदी ओलांडून चामोर्शीच्या अलीकडे उतरायचं, मग कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून टोलीपर्यंत जायचं, आणि घरी पाणी पिण्याआधी बहिणीकडून ऐकायचं, "दादा, दोन गेले."

कधी दोन, कधी तीन. चारही दिवे सलग आठवडाभर टिकले असं मोहफुलं पडायला लागल्यापासून एकदाही झालं नव्हतं.

आमची टोली, म्हणजे वस्ती, गावापासून थोडी सुटी आहे. टोलीच्या पलीकडे तलाव आणि तलावाच्या पाळीवरून गेलं की विहार. विहाराला लागून एक खोली आहे, तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. लांब टेबलं, भिंतीला कपाट, कोणी कोणी दिलेली जुनी गाईडं आणि वर एक पंखा. त्या खोलीचे माझ्यावर उपकार आहेत. आमच्या घरात एकच खोली, तिच्यात चूल, टीव्ही आणि पाहुणे. मी बारावीपर्यंत विहाराच्या खोलीत अभ्यास केला, पुढे वसतिगृह मिळालं, इंजिनिअरिंग झालं. घरात पहिला पदवीधर मीच. आता बहीण वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती, तिच्यासोबत टोलीतल्या आणखी काही पोरी. पहाटे माय त्यांना मोहफुलं वेचायला घेऊन जायची, पुढे तेंदूपत्त्याचे दिवस आले की दुपारभर पुडे बांधायचे. अभ्यासाला वेळ उरायचा तो संध्याकाळचा.

आणि संध्याकाळी पाळीवर बिबट दिसायचा. सगळ्यांनी पाहिलेला. त्याने दोन बकऱ्या आणि एक कुत्रं नेलं होतं. त्यामुळे टोलीने ठरवून टाकलं होतं की पाळीवर उजेड असेल तरच पोरी विहारात जातील. हे ठरवण्यात माझे मोठे बाबा पुढे होते. माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, टोलीत त्यांचा शब्द चालतो. त्यांची नातही त्या पोरींत होती. ते म्हणाले होते, "दिवे लागले तं जाऊ द्या पोरींले. नाई लागले तं घरी बसा म्हनावं. बिबट बसून असन तं अंधारात दिसन कसा?" यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून ते चार दिवे मी आणले होते. चंद्रपूरला एमआयडीसीत मी ज्या छोट्या कारखान्यात काम करतो तिथे खाणीतले, गोदामांतले एलईडी दिवे दुरुस्तीला येतात. मालकांनी टाकून दिलेल्या फिटिंगा मला नेऊ दिल्या, त्यांचे ड्रायव्हर मी स्वतः नवे बनवले. ड्रायव्हर म्हणजे दिव्यामागची छोटी पेटी. एलईडीला घरातली वीज थेट चालत नाही. ड्रायव्हर ती वीज घेतो, सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो, आणि त्या तुकड्यांतून एलईडीला पाहिजे तेवढाच करंट पुढे सोडतो. लाईनचं व्होल्टेज कमी झालं तर तो स्विच जास्त वेळ चालू ठेवतो, वाढलं तर कमी वेळ. बाहेर काहीही होवो, दिव्याचा उजेड तोच. कॉलेजात हे सर्किट पहिल्यांदा फळ्यावर पाहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आपल्याकडच्या लाईनसाठीच कोणीतरी विचार करून बनवलंय असं वाटलं होतं.

पावसाळा आणि हिवाळा दिवे बिनतक्रार चालले. धान निघालं, शिवार सुकलं आणि दिवे जायला लागले.

मी पहिला दोष उन्हाला दिला. आमच्याकडच्या उन्हाबद्दल कोणाला सांगायला नको. ड्रायव्हर उघडला की आतला कपॅसिटर डोक्यावर फुगलेला असायचा, कपॅसिटर उष्णतेने मरतात हे मला माहीत होतं. मी मागे मोठी अॅल्युमिनियमची पट्टी लावली, पेटी फिटिंगमधून काढून खांबाच्या सावलीत खाली बांधली. पुढच्या शनिवारी दोन गेलेले. मग मी आत फ्यूज आणि जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारी एक चकती बसवली. आता कपॅसिटर वाचले, पण फ्यूज उडायचे, आणि पोरींच्या दृष्टीने फ्यूज उडालेला दिवा आणि जळालेला दिवा यांत काही फरक नव्हता. मग मी व्होल्टेज फार वाढलं की दिवा आपोआप बंद करणारं आणि उतरलं की पुन्हा चालू करणारं सर्किट जोडलं. त्यावर मी दोन रविवार घालवले. ते अगदी बरोबर चाललं, म्हणजे संध्याकाळी पाळीवरचे दिवे लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. हातपंपावरच्या बायांनी मला गाठून सांगितलं, "तुहा लाईट तं आमाले डोळा मारून राह्यला, बाप्पा. माय-बहिनीची लाज ठेव म्हना त्याले." सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही.

मोठ्या बाबांनी मिचमिचणाऱ्या दिव्यांना उजेड मानायला नकार दिला. पोरी घरी बसल्या. बहीण दाराशी बसून पुस्तक उघडायची, आत टीव्ही चालू. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

खरं कारण मला सापडलं ते पंख्यामुळे. एका रविवारी संध्याकाळी मी एकटाच अभ्यासिकेत ड्रायव्हर उघडून बसलो होतो. टोलीतली पिठाची चक्की सुरू झाल्याचा आवाज आला आणि डोक्यावरचा पंखा पळायला लागला. कर्रकर्र वाजत, आत्ता निसटून खाली येईल असा. खोलीतली ट्यूब मात्र जशी होती तशीच, एलईडीची होती ती. मी मीटर लावलं. व्होल्टेज तीनशेच्या वर, हवं होतं दोनशेतीसच्या आसपास. चक्की थांबली तसा काटा खाली आला, पंखा शांत झाला. ट्यूबच्या उजेडात तसूभर फरक नाही.

जुना पिवळा बल्ब असता तर टोलीतल्या लहान पोरालाही कळलं असतं. व्होल्टेज पडलं की तो लाल व्हायचा, वाढलं की पांढराफटक. घरात बसून लाईनची तब्येत कळायची. आम्ही सगळ्यांनी ते बल्ब काढून स्विचिंगवाले दिवे लावले, आणि हे दिवे लाईन कितीही हेलकावे खात असली तरी काही कळू देत नाहीत. सहन होतं तोपर्यंत सारखाच उजेड देतात आणि नंतर एकदम मरतात.

एका फेजवर लोड पडल्यावर दुसऱ्या फेजचं व्होल्टेज असं चढतं ते न्यूट्रल तुटलेला असला की. फेज म्हणजे वीज आणणारी तार, डीपीवरून अशा तीन निघतात; न्यूट्रल म्हणजे वीज परत जायची तार. टोलीच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ती कुठेतरी सुटलेली होती. मग इतकी वर्षं टोलीत लाईट चालू कसा होता? त्याचं उत्तर आमच्या अंगणात होतं, मी लहानपणापासून त्याच्यावरून उड्या मारल्या होत्या. प्रत्येक घरामागे जमिनीत एक लोखंडी गज ठोकलेला. त्याला तार गुंडाळून ती मीटरच्या न्यूट्रलला जोडलेली. भोवती मीठ आणि कोळसा. लाईट मंद झाला की घरातली बाई तांब्याभर पाणी त्या गजाच्या मुळाशी ओतायची. आमची मायही ओतायची, भांडी घासून झाली की उरलेलं पाणी तिकडेच. आम्ही याला अर्थिंगला पाणी देणं म्हणतो. ती जागा कायम ओली असायची, पण कोंबड्या तिथे चोच मारत नसत.

सगळी टोली जमिनीला न्यूट्रल करून बसली होती. धानाच्या बांध्यांत पाणी आहे, तलाव भरलेला आहे, तोपर्यंत जमीन ते ओझं वाहायची. उन्हाळ्यात जमीन तडकली की वाहत नव्हती.

लाईनमन आमच्याच भागातला, कंत्राटी, कितीतरी गावं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. वाईट माणूस नव्हता. डीपीवर चढायला सबस्टेशनकडून परमिट लागतं आणि परमिटसाठी काय बिघडलं ते सांगावं लागतं. तो दुपारी यायचा, दुपारी चक्की बंद, माझंच मीटर दोनशेवीस दाखवायचं. तो म्हणायचा, घरोघरी लाईट आहे, मी वर काय सांगू? मी त्याला सर्किट काढून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि सांगितलं की साहेबाला कागदावरचं सर्किट चालत नाही, लाईट बंद दिसला पाहिजे.

तेव्हा मी ठरवलं की लाईट बंद करून दाखवायचा. सगळ्यांनी मेन बंद करायचे, गजांच्या तारा सोडायच्या, आणि एका घरात जुना शंभरचा बल्ब लावायचा. न्यूट्रल खरोखर गेला असेल तर बल्ब लागणारच नाही. विहारासमोर सगळ्यांना बसवून मी हे सांगितलं. माझ्या शिक्षणाचं कौतुक ज्या माणसांनी केलं होतं, पहिल्या पगाराचे पेढे ज्यांनी खाल्ले होते, तीच माणसं माझ्याकडे अशी बघत होती की मी त्यांची भिंत पाडायला आलोय. एक जण म्हणाला, "आमी पोट्टा इंजिनेर झाला म्हून खूश होतो. हा तं आमचाच लाईट काढून राह्यला." मी वीज कंपनीचं, तारेचं, फेजचं बोलत राहिलो. जितकं बोललो तितकं गढूळ झालं. शेवटी बहीण उठून म्हणाली की एका दुपारची गोष्ट आहे, आम्हा पोरींसाठी करा. मग हो-हो झालं. मोठ्या बाबांनीही मान हलवली.

लाईनमन आला. मी घरोघर विचारलं, मेन बंद? बंद. तार सोडली? सोडली. आमच्या घरात बल्ब लावला, बटण दाबलं.

बल्ब लागला. लालसर, तेंदूच्या पिकलेल्या टेंभरासारखा, पण लागला.

लाईनमनने बल्बकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, जळून राह्यला ना. मंग न्यूट्रल गेला कसा म्हनता?" मी म्हणालो, कोणाची तरी तार राहिली आहे. एक गज जरी जोडलेला असला तरी सगळ्यांचा न्यूट्रल एकमेकांना जोडलेला असतो, वीज त्या गजातून परत जाते. तो म्हणाला, असेल, पण त्याला पुढच्या गावी फॉल्टवर जायचं होतं. लोकांनी तारा पुन्हा गुंडाळल्या. कोणीतरी मला ऐकू येईल असं म्हणालं की बल्बला जास्त समजतं.

मी टोलीभर फिरलो. मोठ्या बाबांच्या घरामागे जमीन ओली होती आणि गजाला तार तशीच होती, घट्ट, गंजून गजाशी एक झालेली. ते खाटेवर बसून विडी ओढत होते. मला इतका राग आला होता की मी उभ्यानेच विचारलं, तुम्ही सगळ्यांसमोर हो म्हणाला होता ना?

"मेन केला ना बंद," ते म्हणाले. "माह्या घरात लाईट नाई तं माह्या गजात कुठून येईन?"

मी सांगितलं की आपल्याकडचा मेन फक्त फेज तोडतो, न्यूट्रलची तार तशीच जोडलेली राहते. त्यांनी ऐकून घेतलं. मग जे बोलले ते मला अजून नीट खोडून काढता आलेलं नाही.

"तू म्हनतं ते खरं असन. तू शिकला आहेस. पन सोमवारी तू चंद्रपूरले जातं. लाईट गेला तं आमाले इथीच राहा लागते. या गजाले जमिनीनं धरलं हाय. एकदा सोडला का पुन्हा पानकळा आल्याबिगर धरत नाई. तुह्या मोठ्या मायचं इन्शुलिन फ्रीजमंधी हाय, ते मी कोनाच्या भरवशावर ठेवू?"

गज नाही, फक्त तार सोडायची आहे, गज तिथेच राहील, असं मी सांगितलं. ते म्हणाले की गजाची आणि तारेची पकड एकच असते. ही समजूत मी आणखी कुठे ऐकलेली नाही. जमिनीत मुरलेला गज म्हणजे त्यांच्या लेखी लागलेलं रोप, हलवलं की मरणार. माझ्याजवळ उत्तर होतं, मीटर होतं, पदवी होती. मी फ्रीजचं काय करायचं ते बोललो नाही, कारण मला ते सुचलंच नव्हतं. मी रागाने निघून आलो.

फ्रीजचं बहिणीला सुचलं. दुसऱ्या दिवशी ती गावातल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारून आली, दुपारपुरतं इन्शुलिन तिथल्या फ्रीजमध्ये ठेवायचं. लाईनमन यायचा त्या दिवशी ती आणि मोठ्या बाबांची नात दोघी ते बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेल्या. तार परत जोडायची तर ती जशी होती तशीच जोडून देईन, वर नवा क्लॅम्प लावून देईन, असा शब्द मी मोठ्या बाबांना दिला. मी सुटी काढली. लाईनमनला पुन्हा बोलावायला मला इतके फोन करावे लागले की शेवटी तो माझा नंबर पाहून आधीच "येतो भाऊ, येतो" म्हणायचा.

तो आला तेव्हा मी कोणालाच विचारलं नाही, स्वतः प्रत्येक गजाजवळ जाऊन पाहिलं. मोठ्या बाबांनी त्यांची तार स्वतः सोडली. पक्कडीने वेढे उलगडताना तोंड असं केलं होतं की जणू दात उपटताहेत. सोडलेलं टोक ते हातात धरून उभे राहिले. मी ओरडलो, खाली टाका, ती तार आता जिवंत होऊ शकते. ते दचकले, टोक सुक्या खाटेच्या पायाला अडकवलं आणि शेजारी राखण करत उभे राहिले.

बटण दाबलं. बल्ब लागला नाही. लाईनमनने स्वतः बटण चार वेळा खालीवर केलं, टेस्टर लावला, फेज होता. बल्ब काळाच. इतक्या दिवसांनी काहीतरी न लागल्याचा मला आनंद झाला. त्याने फोन लावला, परमिट घेतलं, डीपीवर चढला. न्यूट्रलच्या जोडावर पांढरी भुकटी साचली होती आणि आतली तार जळून तुटलेली होती. वरून बघितलं तर जोड शाबूत दिसायचा. त्याने तो कापून नवा बांधला आणि खाली उतरून सांगितलं की हे तात्पुरतं आहे, सामान आलं की पक्कं करू. सामान कधी येईल हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी चक्की चालू असताना मी अभ्यासिकेत मीटर लावून बसलो. काटा जरासा हलला आणि थांबला. पाळीवरचे चारही दिवे लागलेले होते.

घरी परतताना मोठ्या बाबांच्या घरामागे ते वाकून गजाला तार गुंडाळताना दिसले. मी दिलेला नवा क्लॅम्प बाजूला पडलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या टोलीने तारा जोडल्या होत्या आणि माय भांड्यांचं पाणी गजावर ओतत होती. मी तिला समजावलं की आता याची गरज नाही, उलट याच्यामुळे उद्या न्यूट्रल पुन्हा गेला तर कोणाला कळणारही नाही. ती म्हणाली, असू दे, जमीन तरी थंड होते. मला हसूही आलं नाही. मी परत सगळं सांगायला लागलो, आणि मध्येच माझंच मला ऐकून कंटाळा आला.

मोठ्या बाबांनी पोरींना सोडलं, पण लगेच नाही. काही संध्याकाळी ते स्वतः पाळीच्या तोंडाशी बसून दिव्यांकडे बघत होते म्हणे. मग एक दिवस नातीला म्हणाले, जा.

मी चंद्रपूरला आलो. भरतीची परीक्षा तोंडावर होती. रोज संध्याकाळी काम संपलं की बहिणीला फोन लावायचो. चारही लागले? पंखा नीट फिरतो? चक्की सुरू असताना फिरतो? ती हो, हो म्हणायची. एके दिवशी मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, लाईट हाय. तू कधी अभ्यासाचंही विचार ना."

मी विचारलं, काय अडलंय. तिने काळ-काम-वेगाचं एक गणित वाचून दाखवलं. मी कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून ते कागदाच्या तुकड्यावर मांडलं. तिला एकदा सांगून समजलं नाही, दुसऱ्यांदाही नाही, आणि माझा आवाज चढायला लागला. ती म्हणाली, हळू सांग. मी हळू सांगितलं.